शुक्रवारी न आलेला अलर्ट

शनिवारी सकाळी साहेबांचा फोन आला तेव्हा मी धामणकर नाक्यावर शेअर रिक्षात बसून तिसरं माणूस यायची वाट बघत होते. साहेब म्हणजे आमचे मॅनेजर. ते हेड ऑफिसात बसतात, भिवंडीत वर्षातून दोनदा येतात आणि दोन्ही वेळा ट्रॅफिकला शिव्या घालून जातात. म्हणाले, "औषधांच्या गोडाऊनमधली थंड खोली काल दुपारपासून बंद होती. आतला माल खलास. आणि आपल्याकडे एक अलर्ट नाही." मी तोंड उघडायच्या आत पुढचं वाक्य आलं. "गेटवरचा गार्ड झोपला होता."

"कोण म्हणतं?" मी विचारलं.

"उघड आहे ना. जागा असता तर त्याने कळवलं नसतं का?"

माझं डोकं तिथेच तापलं. अलर्ट आला नाही तो आमच्या सिस्टीमचा, आणि झोपला कोण, तर गेटवरचा म्हातारा! वा रे वा. रिक्षावाल्याला म्हटलं, "भैया, तीसरी सीट का मैं देती हूँ, चलो आप." तो माझं तोंड बघून मुकाट निघाला.

माझं काम काय ते आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. भिवंडीच्या चहूबाजूंनी गोडाऊन उठलेत. त्यातल्या बऱ्याच गोडाऊनांचं नेटवर्क आमची कंपनी सांभाळते, आणि इथपासून अंबाडीपर्यंत त्यासाठी धावणारी इंजिनिअर मी. प्रत्येक गोडाऊनमध्ये जागोजागी स्विच बसवलेले असतात. स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. जेवणाच्या डब्याएवढी पेटी असते, तिच्यात वायरी खोचलेल्या असतात आणि सगळी माहिती तिच्यातून जाते. गेटवरची मंडळी तिला सरळ डबा म्हणतात, मीही तेच म्हणते. हेड ऑफिसच्या कंट्रोल रूममधली एक सिस्टीम या सगळ्या डब्यांना दिवसरात्र हाका मारत असते. एखाद्या डब्याने पाच मिनिटं ओ दिली नाही की अलर्ट वाजतो, त्यांच्या पडद्यावर आणि माझ्या फोनवरही. थंड खोलीतल्या डब्याला तापमानाचे सेन्सर जोडलेले होते. तो गप्प झाला की आत काय चाललंय ते कुणालाच कळणार नाही, म्हणून त्याचा अलर्ट सगळ्यात महत्त्वाचा. नेमका तोच आला नव्हता.

गोडाऊनवर पोचले तर गेटवर नवाच गार्ड. जुने गार्ड, आमचे काका, दोन पावलं बाहेर, रस्त्याच्या कडेला उभे. अंगात वर्दी नव्हती, साधा चौकटीचा शर्ट. गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीने सकाळीच वर्दी काढून घेतली होती आणि आता त्यांना आत पाऊल टाकायला बंदी होती. चार वर्षं ज्या गेटवर त्यांनी प्रत्येक ट्रकचा नंबर लिहिला, त्याच गेटबाहेर ते चोरासारखे उभे होते. मला इतका संताप आला की नव्या गार्डवरच ओरडले, त्या बिचाऱ्याचा काही दोष नसताना.

काका खारबावच्या बाजूचे. साठीला आलेले. गोडाऊनवर यायच्या आधी त्यांनी वीस-बावीस वर्षं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर काढली. मला 'बाय' म्हणतात. कधीही गेले तरी आधी पाण्याची बाटली पुढे करणार आणि मग रजिस्टरमध्ये सही घेणार.

"मी झोपलो नव्हतो बाय," ते म्हणाले. "थंड खोलीच्या मशीनचा आवाज बंद पडला, तवा मी उठून गेलो. शटरला कान लावला. आत कायच न्हाय. मंग फोन केला."

"कुणाला?"

"तुमच्या कंट्रोलवाल्यांना. भिंतीवर नंबर लिवलाय तो. तो मानूस बोल्ला, चाचा, अलर्ट नहीं आया है, मतलब मशीन चालू है. मी बोल्लो, अरे बाबा, मी इथं उभा हाय, बंद हाय ती. तो बोल्ला, अलर्ट आयेगा तो देखेंगे. अर्ध्या तासानं परत केला. तर बोल्ला, बार बार फोन मत करो."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या मिनिटाला कळलं. एक जिवंत माणूस शटरला कान लावून सांगतोय की मशीन बंद आहे, आणि दुसरा शंभर किलोमीटरवर एसीत बसून त्याला सांगतोय की चालू आहे, कारण पडद्यावर काही आलं नाही! आणि खोली उघडायची म्हटली तर चावी गार्डकडे नसते. दाराला सील असतं, ते तोडलं तर नोकरी जाते. म्हणजे फोन करण्यापलीकडे काका काही करूच शकत नव्हते, आणि जे करता येत होतं ते त्यांनी दोनदा केलं होतं.

त्यांनी आणखी एक केलं होतं. गेटवर एकच रजिस्टर असतं, गाड्यांचं. त्यात गाडीच्या नंबराच्या रकान्यात त्यांनी लिहून ठेवलं होतं, 'थंड मशीन बंद. फोन केला.' पुढे वेळ. त्यांचा बटणांचा फोन मी मागून घेतला. त्यात दोन कॉल होते, वेळ रजिस्टरशी जुळत होती. दोन्हींचे फोटो काढून साहेबांना पाठवले.

साहेब म्हणाले, "रजिस्टर काय, नंतरही लिहिता येतं. आणि कंट्रोल रूमच्या नोंदीत असा कॉलच नाही."

"कसा असेल?" मी म्हटलं. "कॉल नोंदवायचा तर त्यात अलर्टचा नंबर टाकावा लागतो. अलर्टच नाही तर नंबर कुठून आणायचा? आणि नंबर नाही म्हणून नोंद नाही. तुमच्याच फॉर्ममध्ये तसं आहे."

"आवाज खाली," साहेब म्हणाले. "हे बघ, बुधवारपर्यंत रिपोर्ट दे. अलर्ट का आला नाही ते शोध. गार्डचं काय करायचं ते त्यावरून ठरवू."

म्हणजे काकांची नोकरी माझ्या रिपोर्टवर लटकली. मी बाहेर जाऊन काकांना सांगितलं, "बुधवारपर्यंत घरी बसा. तुम्हाला कसे काढतात तेच मी बघते." असं मोठ्या तोंडाने सांगितलं मी. काकांनी मान हलवली आणि स्टेशनच्या बाजूला जाणारी रिक्षा पकडली.

मग कामाला लागले. थंड खोलीतला डबा मेलेला होता. शुक्रवारी विजेचा झटका आला असणार, त्यात खोलीचं मशीनही ट्रिप झालं आणि डब्याचा अडॅप्टरही जळला. काळा पडला होता, वास येत होता. नवा अडॅप्टर लावला, डबा जिवंत झाला. आता सिस्टीम त्याला ओळखते की नाही ते बघायला मी मुद्दाम त्याची वायर उपटली आणि घड्याळ लावून बसले. पाचव्या मिनिटाला फोन वाजला. अलर्ट! चोख, नावासकट, जागेसकट.

कंट्रोल रूमवाल्यांना तर आनंदाचं भरतं आलं. "देखा मॅडम? सिस्टीम एकदम ओके है." अरे मेल्यांनो, आज ओके आहे हे मलाही दिसतंय. काल का नव्हती ते सांगा की. पण नाही. ज्याला 'ओके' म्हणता येतं त्याच्यापुढे यांचा विचारच जात नाही.

सोमवारी मी एकेक शक्यता घेऊन बसले. अलर्ट निघाला पण पोचला नाही, असं झालं का? पोचलेल्या अलर्टांची यादी मागवली. शुक्रवारी दुसऱ्या गोडाऊनांचे अलर्ट व्यवस्थित पोचले होते. डब्याचं घड्याळ चुकलंय का? बरोबर होतं. कुणी त्याचा अलर्ट गप्प करून ठेवलाय का? नव्हता. सिस्टीमच मध्ये बंद पडली होती का? नव्हती. संध्याकाळपर्यंत डोकं भणभणायला लागलं. आई म्हणाली, "भाताशी कशाला भांडतेस, गप जेव." मी भाताशीच भांडत होते खरी.

मंगळवारी साहेबांनी स्वतःची अक्कल पाजळली. व्हिडिओ कॉल लावला आणि म्हणाले, "तुझा गार्ड म्हणतो ना की मशीन बंद पडल्याचं त्याला गेटवरून ऐकू आलं? करून बघू." मेकॅनिककडून थंड खोलीचं मशीन मिनिटभर बंद करवलं. नवा गार्ड गेटवर खुर्ची टाकून कान देऊन बसला. पलीकडच्या शेडमध्ये लूम धडधडत होते, त्यांची खटखट इतकी की गेटवर आम्ही एकमेकांशीही ओरडून बोलत होतो. गार्डने मुंडी हलवली, "कुछ पता नहीं चला साब."

"झालं?" साहेब स्क्रीनवरून म्हणाले. "खोटं बोलतोय तुझा काका. झोपला होता, मग बोंब होईल म्हणून गोष्ट रचली."

त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान होतं की फोन गटारात फेकून द्यावासा वाटला. "साहेब, आज मंगळवार आहे!" मी अक्षरशः किंचाळले. "तो शुक्रवार होता! शुक्रवारी इथे सुट्टी, लूम बंद असतात. पूर्ण भिवंडी गप्प असते. आणि ज्या माणसाने वीस वर्षं लूमवर काढलीत त्याला चोवीसातला एक लूम थांबला तर पाठ फिरवून कळतं. त्याला एक मशीन बंद पडलेलं कळणार नाही? तुम्हाला शुक्रवार म्हणजे काय तेच माहीत नाही!"

आणि बोलता बोलता माझीच जीभ अडली. शुक्रवार. मी शनिवारी वायर उपटून बघितली, सोमवारी सगळं तपासलं, आज मंगळवार. शुक्रवारी जसं असतं तसं करून मी एकदाही बघितलं नव्हतं. साहेब काहीतरी बोलत होते, मी फोन बंद केला.

गोडाऊनचे मालक शेठ इथलेच, जुन्या व्यापारी घराण्यातले. पुढच्या बाजूला त्यांचं छोटं ऑफिस आहे. मी तशीच आत घुसले. "शेठ, शुक्रवारी तुम्ही ऑफिस बंद करताना काय काय करता?"

"काय करणार? मेन पाडतो, कुलूप लावतो, जातो नमाजला," शेठ म्हणाले. "का?"

मेन पाडतो. भिवंडीत कुणालाही विचारा, हेच सांगेल. इथे इतक्या गोडाऊनांना आगी लागल्यात की मेन स्विच पाडल्याशिवाय माणूस कुलुपाला हात लावत नाही. शेठांच्या स्वतःच्या एका गोडाऊनची राख झालेली आहे, त्यामुळे त्यांच्याकडे तर हा नियम नमाजाइतका पक्का. बाकीच्या रात्री ऑफिसात गाड्यांच्या कामाला कारकून असतो, म्हणून मेन फक्त शुक्रवारी पडतो. मेन पडला की ऑफिसमधला डबाही बंद. म्हणून दर शुक्रवारी सकाळी माझ्या फोनवर अलर्ट येतो, 'ऑफिसचा डबा बंद'. दर शुक्रवारी मी तो अंगठ्याने बाजूला सारते. कंट्रोल रूमही तेच करते. सुट्टी आहे, मेन पाडलाय, त्यात बघायचं काय?

"शेठ, अर्धा तास मेन पाडू?"

शेठांनी माझ्याकडे बघितलं, कारकुनाला संगणक बंद करायला सांगितलं आणि स्वतः उठून मेन पाडला. मी थंड खोलीतल्या डब्याची वायर उपटली. पाच मिनिटांनी फोन वाजला. 'ऑफिसचा डबा बंद.' आणि खरं सांगते, तेव्हासुद्धा माझा अंगठा आपोआप पुढे गेला आणि तो अलर्ट बाजूला सारला. इतकी सवय. मग थांबले. दहा मिनिटं. पंधरा. पंचवीस. थंड खोलीचा अलर्ट आला नाही.

सापडलं होतं. मी आधी थंड खोलीच्या डब्याची वायर परत खोचली, मग शेठांना मेन चढवायला सांगितलं.

गोष्ट साधी होती. सिस्टीममध्ये एक नकाशा असतो, कुठला डबा कुठल्या डब्याच्या मागे जोडलाय त्याचा. पुढचा डबा बंद पडला तर मागचे सगळे आपोआप गप्प होणार, म्हणून सिस्टीम फक्त पुढच्याची बोंब मारते आणि मागच्यांची वेगळी मारत नाही. शहाणपणाचीच गोष्ट आहे, नाहीतर एका बिघाडाचे पन्नास अलर्ट येतील. थंड खोलीचा डबा नकाशात ऑफिसच्या डब्यामागे होता. त्यामुळे दर शुक्रवारी, शेठांनी मेन पाडल्यापासून शनिवारी सकाळी चढवेपर्यंत, सिस्टीमच्या लेखी थंड खोली मेली काय आणि जगली काय, सारखंच. आणि एकदा दाबलेला अलर्ट मेन चढल्यावरही ती नव्याने वाजवत नाही.

पण प्रत्यक्षात थंड खोलीचा डबा ऑफिसमागे नव्हताच. गेल्या वर्षीच मी त्याला स्वतंत्र केबल टाकून दिली होती, सरळ बाहेरच्या लाईनला. का? तर याच शुक्रवारसाठी! ऑफिसचा मेन पडला तरी खोलीचं तापमान कळत राहावं म्हणून. खोलीला वीजही वेगळी, जनरेटर वेगळा, सगळं वेगळं. फक्त नकाशा जुनाच राहिला होता.

मग तर मी कंट्रोल रूमला फाडूनच खाल्लं. त्या ऑपरेटरला, ज्याने काकांना दोनदा हाकललं होतं, त्यालाच फोनवर घेतला. म्हटलं, "केबल बदलल्यावर मी तुम्हाला मेल केला होता. नकाशा बदला म्हणून सांगितलं होतं. वर्ष झालं! तुम्ही लोक मेल वाचता की त्यावर वडापाव खाता? एका म्हाताऱ्याची नोकरी घालवायला निघालात तुम्ही, त्याचं तर ऐकलं नाहीतच, वर त्यालाच झोपाळू ठरवलंत!"

"मॅडम, ऐसा कोई मेल नहीं आया," तो म्हणाला.

"आया आहे! थांबा, पाठवते. तारखेसकट पाठवते. तुमच्या साहेबालाही पाठवते."

आणि मी मेल शोधायला बसले. पाठवलेल्या मेलमध्ये शोधला. नाही. गोडाऊनचं नाव टाकून शोधला. नाही. केबल टाकल्याच्या आठवड्यातले सगळे मेल एकेक उघडले. नाही. मग डाव्या बाजूला तो ड्राफ्ट लिहिलेला कोपरा दिसला आणि मी तो उघडला.

मेल तिथे होता. पूर्ण लिहिलेला, व्यवस्थित, 'कृपया नकाशात बदल करावा' इथपर्यंत. गुरुवारी संध्याकाळी लिहिलेला. त्याला शेठांच्या सहीचा फॉर्म जोडायचा राहिला होता, कारण ती सही दुसऱ्या दिवशी घेऊ म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी शुक्रवार, ऑफिस बंद. शनिवारी शेठ होते तर हेड ऑफिसला सुट्टी. रविवारी तर मलाही. सोमवारी दुसऱ्या गोडाऊनमध्ये काहीतरी जळलं असेल, मी तिकडे पळाले असेन. मेल तसाच पडून राहिला. कप्पाळ माझं.

चार दिवस मी सगळ्या जगावर ओरडत होते. साहेबांवर, ऑपरेटरवर, नव्या गार्डवर, घरी आईवर. ऑपरेटरने फोन नीट घेतला नाही हे खरंच आहे, ते मी आजही सोडणार नाही. पण अलर्ट आला नाही तो माझ्यामुळे. काका रस्त्यावर उभे होते ते माझ्यामुळे. मला स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटल्या. ऑपरेटरचा पुन्हा फोन आला, "मॅडम, मेल भेज रहे हो ना?" म्हटलं, "मेल नहीं भेजा था मैंने. मेरी गलती है." त्याला बहुतेक माझ्या ओरडण्याची सवय झाली होती, तो घाबरून "कोई बात नहीं" म्हणाला.

रिपोर्ट लिहायला बसले तेव्हा मनात आलं, नुसतं 'नकाशा जुना होता' लिहिलं तरी चालेल. खोटं नाही ते. तासभर मी त्या वाक्याकडे बघत होते, हे लपवत नाही. मग सगळं लिहिलं. नकाशा का जुना राहिला, मेल कुणाचा राहिला, कुणाच्या चुकीने. आणि शेवटी ठळक लिहिलं की गार्ड जागे होते, त्यांना मशीन बंद पडल्याचं कळलं, त्यांनी दोनदा कळवलं, आणि त्यांचं ऐकलं असतं तर माल वाचला असता. रजिस्टर आणि फोनचे फोटो जोडले. बुधवारी सकाळी पाठवला. पाठवल्यावर 'पाठवलेले' मध्ये जाऊन दोनदा बघून आले.

दुपारी साहेबांचा फोन. मी मनाशी ठरवलं होतं, काढलं तर काढू देत, शांत राहायचं. पण साहेब खुशीत. "छान शोधलंस. एकदम मुळापर्यंत. फक्त एक कर, तुझं नाव काढून टाक त्यातून. 'नकाशा अद्ययावत नव्हता' एवढं पुरे. पुढे सगळ्या गोडाऊनांचे नकाशे तपासू असं लिही. चूक होते गं माणसाकडून, मनाला लावून घेऊ नकोस."

"साहेब, मग काकांना परत घ्यायचं पत्र कधी निघतंय?"

"कोण काका?"

"गार्ड. गेटवरचे."

"अच्छा, तो. त्याचं सोमवारीच झालं. औषध कंपनीला काहीतरी कारवाई कळवायला हवी होती ना. एजन्सीने काढून टाकलं त्याला."

सोमवारी. मी सोमवारी डब्याचं घड्याळ तपासत होते. मंगळवारी हे गृहस्थ व्हिडिओ कॉल लावून आवाज ऐकू येतो का याची परीक्षा घेत होते, तेव्हा काकांना काढून एक दिवस झाला होता! मग ती परीक्षा कसली होती? माझा रिपोर्ट कसला होता? मी काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही. 'लाज' हा शब्द चार-पाच वेळा आला. साहेब शांतपणे म्हणाले, "तू दमलीयेस. दोन दिवस सुट्टी घे." ज्याने काम बरोबर केलं त्याला घरी बसवलं, आणि जिने चूक केली तिला भरपगारी सुट्टी. शाब्बास रे न्याय.

राजीनामा द्यायचं मनात आलं. दिला नाही. उगाच मोठेपणा कशाला सांगू.

एजन्सीत जाऊन भांडले, त्यांनी कंपनीकडे बोट दाखवलं. कंपनीने एजन्सीकडे दाखवलं. निदान 'गार्ड झोपलेले नव्हते' एवढी एक ओळ लेटरहेडवर द्या म्हटलं, तर साहेब म्हणाले, "लेखी काही नको, ते आपल्यावर उलटेल." रविवारी मी खारबावला गेले.

काका घरामागे पेंढ्याचे भारे रचत होते. काकूंनी कोरा चहा आणून ठेवला. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, मेलसकट. काहीही मऊ करून सांगितलं नाही. काका ऐकत होते, हातातला भारा तसाच धरून.

"म्हंजी तुजी चुकी व्हती," ते म्हणाले.

"हो काका."

"आन मना बोल्लीस, बुधवारपर्यंत थांब, मी बगतंय."

त्यांनी भारा खाली आपटला. "नोकरीचा ऱ्हाऊ दे. पन आमच्या गावची निम्मी मानसं गोडाऊनावर गार्ड हायती. सगल्यांत झाला, म्हातारा ड्युटीवर झोपतंय. दोन ठिकानी जाऊन आलो, नाव ऐकून परत धाडला. बावीस वर्सं लूमवर मी रातपाळीला डोला लावला न्हाय. आन तू मना झोपालू केलास." त्यांचा आवाज चढला होता. चार वर्षांत त्यांनी आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता. काकू दारातून म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या ओ, पोरगी घरी चालून आल्ये." काका म्हणाले, "आल्ये तर आल्ये."

बरोबर होतं त्यांचं. मी माफी मागितली, ती त्यांनी घेतली नाही. एका कागदावर माझा नंबर मोठ्या आकड्यांत लिहून काकूंच्या हातात दिला. म्हटलं, "कुठेही विचारलं तर हा नंबर द्या. मी खरं काय ते सांगेन." काका परत पेंढा रचायला लागले. चहा संपवून मी निघाले, ते वळले नाहीत.

पुढच्या पंधरा दिवसांत नकाशे तपासायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. केलं. कुणाचा फोन आला की वाटायचं, तो असेल. नसायचा.

मग एका दुपारी आला. मी दुसऱ्या एका गोडाऊनमध्ये शिडीवर होते. अनोळखी नंबर, अंबाडीच्या रस्त्यावरच्या एका गोडाऊनचा सुपरवायझर. "मॅडम, एक म्हातारबाबा आलेत गार्डच्या जागेसाठी. तुमचा नंबर दिला त्यांनी. पण आमच्या कानावर वेगळंच आलंय. ड्युटीवर झोपतात म्हणे."

मी शिडीवरून उतरले. पोटातला सगळा राग वर आला आणि मी त्याला अथपासून इतिपर्यंत सांगितलं. शुक्रवार, मशीन, शटरला लावलेला कान, दोन फोन, रजिस्टर. नकाशा. मेल. "झोपले होते ते आम्ही," मी म्हटलं. "अख्खी कंपनी. आमच्यापैकी दुसऱ्या कुणाला विचारा, नाही म्हणतील. मी सांगते. चूक माझी होती, त्यांची एका मिनिटाचीही नाही."

तो सगळं ऐकत होता. मागे कुणीतरी ट्रक मागे घेताना "आने दो, आने दो" ओरडत होतं.

"मग तुम्हाला काढलं?" त्याने विचारलं.

"नाही."

"अच्छा," तो म्हणाला. "बरं, त्यांना उद्या सकाळपासून उभं करतो गेटवर. माझं गेटचं टेन्शन मिटलं. आता एवढं सांगा मॅडम, आमच्या इथले ते डबे कोण बघतं?"

त्याच्या गोडाऊनचं नाव त्याने सुरुवातीलाच सांगितलं होतं. आमच्याच यादीतलं होतं.

"मीच," मी म्हटलं.